तीन पायऱ्यांचा इतिहास

वाचनालयाच्या दाराशी मावशीने व्हीलचेअर थांबवली आणि तिच्या तोंडून एक शिवी निसटली. गेल्या गुरुवारपर्यंत जागेवर असलेला लाकडी रॅम्प गायब होता. उरल्या होत्या त्या तीन पायऱ्या, आणि त्यांवर मावशीच्याच स्वागताचा गालिचा.

मावशी कुलपं दुरुस्त करायची, म्हणून सगळे तिला कुलूपमावशी म्हणत. आज मात्र वाचनालयाच्या प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिकेत तिच्या नावाआधी ‘प्रेरणामूर्ती’ छापलं होतं. लहानपणी लोक तिला पांगळी म्हणत, मग अपंग म्हणू लागले, मग विकलांग, मग विशेष. दर दहा-पंधरा वर्षांनी सभ्य माणसांची एक समिती बसे, तिच्यासाठी नवा शब्द शोधून काढी आणि दमून चहा पिऊन घरी जाई. पायऱ्या होत्या तिथेच राहत.

तीस वर्षांपूर्वी मावशी आणि तिच्यासारखी नऊ जणं याच पायऱ्यांपुढे अकरा दिवस ठाण मांडून बसली होती. “पुस्तकं घरी पाठवू की,” असं तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते. पण मावशीला आपलं पुस्तक आपल्या हाताने कपाटातून काढायचं होतं. अकराव्या दिवशी अध्यक्ष वैतागले. “लावा काय लावायचंय ते, पण आमच्याकडे काही मागू नका!” मग मावशीच्या सुतार नवऱ्याने जुन्या दारांच्या फळ्या जोडून रॅम्प केला. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली होती. पण दर गुरुवारी त्या फळ्यांवरून चाकं गडगडत वर निघाली, की मावशीला वाटे, मागून त्याचाच हात लागतोय. हे ती कुणाला सांगत नसे. सांगितलं असतं तर ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले असते, आणि त्या डोळे पुसण्याचा तिला मनस्वी राग होता.

संचालक लगबगीने पायऱ्या उतरून आले. “या, या मावशी! रॅम्प शोधताय ना? आत आहे. प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण!”

“आत?”

“अहो, हक्कांच्या लढ्याची खूण ती! पॉलिश केलंय, दिव्यांचे झोत सोडलेत, भोवती लाल दोरी लावलीय. इतकी ऐतिहासिक वस्तू, आणि लोक खुशाल तुडवत होते हो!”

“मग मी आत कशी यायची?”

तीन महिने चाललेल्या बैठकांत हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता, हे संचालकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण गृहस्थ कसलेले होते. “चार माणसं उभी केलीत ना! फुलासारखं उचलतील तुम्हाला.”

“आणि पुढच्या गुरुवारी?”

“पुढच्या गुरुवारी... पुस्तकं घरी पाठवू की.”

मावशीच्या डोक्यात तिडीक गेली. तीस वर्षांत मेल्यांना वाक्यसुद्धा नवं सुचलं नव्हतं.

संचालकांनी एक कागद पुढे केला. रॅम्प मावशीच्या नवऱ्याच्या मालकीचा, तेव्हा तो प्रदर्शनासाठी वाचनालयाला कायमचा दिल्याची तिची सही हवी होती. तीही पाहुण्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. पाहुणे आत खोळंबले होते.

“सही करते की,” मावशी गोड आवाजात म्हणाली. “पण आत येऊन. आणि येईन ती माझ्या रॅम्पवरूनच. मला कुणी हात लावायचा नाही.”

“पण रॅम्प तर आत आहे!”

“मग आणा बाहेर.”

संचालकांनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिला, कपाळ पुसलं. शेवटी मावशीला उचलायला ठेवलेल्या चौघांनी रॅम्प उचलला. तो काही फुलासारखा निघाला नाही. घामाघूम होऊन त्यांनी तो पायऱ्यांवर टेकवला. ‘हात लावू नये’ ही पाटी अजून त्याला लटकत होती.

मावशी वर चढली. चाकं तशीच गडगडली, आणि तिला क्षणभर भरून आलं. मग तिने खुर्चीला अडकवलेल्या कामाच्या पिशवीतून साखळी काढली आणि आपल्याकडचं सगळ्यात जाड कुलूप काढलं. रॅम्पच्या वरच्या टोकाला नवऱ्याने ठोकलेली लोखंडी कडी होती. तिच्यातून साखळी ओवून तिने ती दाराजवळच्या कठड्याला बांधली आणि कुलूप लावलं.

“अहो, हे काय करताय?” संचालक ओरडले. “किल्ली कुठाय?”

“दोन आहेत. एक माझ्याकडे असते.”

“आणि दुसरी?”

“तीही माझ्याकडेच.”

एक माणूस पाटी काढायला पुढे झाला. “राहू दे रे,” मावशी म्हणाली. “आता बरोबर जागी आहे ती.”

मग तिने संचालकांच्या हातातला कागद घेतला, ‘प्रदर्शनासाठी’ हा शब्द खोडून त्यावर ‘दारासाठी’ लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

आत दिव्यांच्या झोतात लाल दोरीच्या मधोमध नुसती फरशी होती. तिच्याभोवती पाहुणे हात जोडून, आदराने माना झुकवून उभे होते. मावशी त्यांच्या मागून निघून गेली आणि कपाटातून आपलं पुस्तक काढू लागली.