बोलू नकोस, आकडा चढतो

रक्तदाब मोजायच्या पट्ट्याच्या चिकट काट्यांत लोकरीचा निळा धागा अडकला होता… प्रयोगशाळेतल्या कुणाच्या तरी स्वेटरचा असणार. तो नखानं ओढून काढता काढता बाहेरच्या खोलीतून बाबांचं ठरलेलं वाक्य आलं.

"माझं बीपी वाढवू नका!"

रिमोट सापडत नव्हता, एवढंच. कधीकाळी कचेरीतल्या तपासणीत आकडा जरासा वर गेला होता. तेवढ्या भांडवलावर या माणसानं जन्मभराचं दुकान थाटलं. पुन्हा म्हणून मोजून घेतलं नाही — दुकान बसलं असतं ना! आईचं गुणगुणणं थांबलं, दादानं लांबच्या गावी बदली मागून घेतली, दारं आवाज न करता लागायला शिकली… आणि ती, धाकटी लेक? ती रक्तदाबाच्या संशोधनात उंदरांच्या मेंदूत सुया खुपसायला गेली.

रागानं दाब चढतो, हे कोण नाकारतंय? पण मानेतल्या धमनीची भिंत ताणली जाते, तिच्यातले तंतू मेंदूच्या देठाला कळवतात, तिथली एक पेशी पुढचीवर चिमूटभर रसायन सोडते, ती पुढची दुसरंच काही सोडून तिसरीला गप्प करते, आणि हृदयाला चाबूक मारणाऱ्या पेशी निमूट बसतात. काही ठोक्यांत सगळं जागेवर. इतकी नाजूक निरोपानिरोपी — आणि बाबांच्या मते ती आईच्या हातात!

परदेशातल्या नोकरीला तिनं होकार कळवला होता. घरी मात्र सांगायचं राहिलं होतं. तोंड उघडलं की आई हात दाबायची, "आत्ता नको गं, त्यांचं बीपी…" म्हणून तर आज यंत्र आणलं होतं. आधी ढोंग उघडं पाडायचं, मग बोलायचं.

"बाबा, हात द्या."

"मला ठाऊक आहे माझं."

"मग घाबरता कशाला?"

बाबांनी खंडणी घेत असल्यासारखा हात पुढे केला. एकशे अठरा, शहात्तर. एवढा आरडाओरडा करून! पट्टा न सोडता ती म्हणाली, "मी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी परदेशी जातेय," आणि पुन्हा बटण दाबलं. एकशे वीस.

"जा की. आणि जाताना हे बिघडलेलं यंत्रही घेऊन जा."

वर्षानुवर्षं राखून ठेवलेलं हसू तिच्या ओठांवर आलं होतं. "यंत्र उत्तम आहे, बघा," म्हणत तिनं पट्टा सोडून जवळच्या दंडाला गुंडाळला — आईच्या, साबणाच्या पाण्यानं अजून ओल्या.

"माझं कशाला? मला काय धाड भरलीय! आणि पुढच्या महिन्यात म्हणजे… मला आधी सांगायचंस तरी…"

"बोलू नकोस, आकडा चढतो," ती म्हणाली.

मोजताना बोलायचं नाही, हा नियमच आहे. आईनं ओठ मिटले — किती पटकन, किती सवयीनं.

एकशे शहाऐंशी. पुन्हा — एकशे अठ्ठ्याऐंशी.

सतत धाकात ठेवलेल्या उंदरांत गप्प करणारं रसायन कमी पडत जातं, मग मेंदू चढलेल्या दाबालाच योग्य धरून चालतो. तिनंच शोधनिबंधात लिहिलं होतं हे, आलेखासकट. खाली शेरा होता, 'वरून शांत, खाणंपिणं नेहमीचं.' त्या आलेखाला टाळ्याही पडल्या होत्या. टाळ्या! आणि हा दंड रोज तिच्या समोरून ताट वाढून जात होता…

"किती गं?"

बाबांना रिमोट सापडला होता, त्यांच्याच मांडीखाली. "हळू बोला जरा," टीव्हीचा आवाज वाढवत ते म्हणाले.

तिनं आकड्यावर तळहात ठेवला. तोंडात तोच ओळखीचा कडवटपणा होता, पण तो नेमका कुणावर थुंकावा, ते आता कळेना.

"सांगते," ती म्हणाली — आणि ऐकलं, की आपला आवाज आपसूक खाली गेलाय, अगदी आईच्या आवाजाइतका.