मंजुळा नावाचं गाजरगवत

उत्तरेश्वरनं गाजरगवताला कुंपण घातलं, ही बातमी थेट चौसाळ्यापर्यंत गेली.

कुंपण म्हणजे बाभळीच्या चार काट्या. पण तीस वर्षं ज्या नवरा-बायकोनं बांधावर गाजरगवताचं पान ठेवलं नव्हतं, त्यातल्या नवऱ्यानं आता त्याची राखण करावी? शेजारचा बंकट हसून हसून वाकला.

"उद्या ठिबक टाक बे त्याला. न्हाईतर पाळणा बांध."

"टाकीन की. तुझ्याच मोटारीवरून."

झालं होतं असं. बांधावर तीनदा तणनाशक मारलं, सगळं जळालं, हे एक झाड मात्र खालून करपलं आणि वरून पुन्हा हिरवंगार झालं. गावोगावचं गाजरगवत बघत फिरणारी विद्यापीठातली संशोधक पोरगी, संस्कृती, त्याच्यापुढं मांडी घालूनच बसली.

"आबा, ह्याच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. आम्ही तो अक्षर न् अक्षर वाचणार. हे औषध कसं पचवतं ते त्यात सापडेल. सूर्यफूल आणि शेवंती ह्याचीच भावकी, त्यांच्याशीही ताडून बघू."

"भावकी म्हटल्यावर एक तरी असं निघायचंच," उत्तरेश्वर म्हणाला.

कोवळी पानं तोडली की लगेच गोठवावी लागत. तीन आठवड्यांनी शुक्रवारी कोरड्या बर्फाची पेटी घेऊन येते, तोवर झाड सांभाळा, असं ती म्हणाली. जाताजाता तिनं विचारलं, "ज्याचा मजकूर वाचतो त्या झाडाला आम्ही नाव देतो. काय देऊ?"

"मंजुळा," तो लगेच म्हणाला.

त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला, जाऊन आठ महिने झाले होते. झाड शुक्रवारपर्यंत टिकलं तरच तिचं नाव पुढं जाणार होतं. म्हणून काट्या, म्हणून दिवसातून चार चकरा. मधे पाऊस झाला, भोवती नवं गाजरगवत माजलं, तरी त्यानं खुरपं लावलं नाही. उगाच धक्का नको.

शुक्रवारी तो मोटारसायकलवर चौसाळ्याला गेला आणि संस्कृतीला पेटीसकट घेऊन आला. बघतो तर बांध चाटूनपुसून साफ. लिंबाखाली आठ बाया भाकरी सोडत होत्या. मधे मंजुळाबाईची धाकटी बहीण, खुरपणाऱ्या टोळीची म्होरकी, रतनबाई.

"दाजी! लोक म्हणाले, अक्का गेली अन् बांध तणानं माजला. म्हणून आज दुसऱ्याचं रान सोडून आलो. अक्कानं केला असता तसाच केला का न्हाई?"

उत्तरेश्वरनं बांधाकडं बोट केलं. "कुंपणातलं झाड?"

"कसलं कुंपण? कुण्या मेल्यानं काट्या टाकलत्या, त्याबी काढल्या. अन् ती कैदाशीण तर निघंचना! तीन खुरपी लावली तवा तुटली."

संस्कृतीनं पेटी खाली ठेवली. "मावशी, किती वेळ झाला?"

"हे काय, आत्ताच. हात धुतले अन् बसलो."

"मग जमेल! खालून करपलेलं, वरून हिरवं. चला, शोधा!"

बांधाखाली कंबरेएवढा ढीग. कशासाठी शोधायचं ते कुणाला कळलं नाही, पण दाजीचं तोंड बघून आठही जणी भाकरी टाकून धावल्या. हाताला खाज सुटू नये म्हणून पदर गुंडाळले. ढीग उपसला तशा शिंका सुरू झाल्या.

"ही का?"

"न्हाई, ही खालीबी हिरवी."

"आक् छी! ही बगा, ही!" जानकीबाईनं एक झाड उंच धरलं. "खालून करपलेली अन् वरून तरणी!"

"तुझ्यावानीच की गं," रतनबाई म्हणाली. हसू आणि शिंका एकदमच आल्या.

संस्कृतीनं देठ जमिनीतल्या बुडख्याशी लावून बघितला. जुळला. तिनं शेंड्याची पानं पुडीत घातली, पेटी उघडली. पांढरा धूर निघाला तशा बाया मागं सरल्या आणि लगेच दुप्पट पुढं आल्या. पुडीवर नाव लिहिता लिहिता तिनं मोठ्यानं वाचलं, "मंजुळा."

"अक्काचं नाव? ह्या मेलीला?" रतनबाई ओरडली. "दाजी, अक्का असती तर खुरप्याच्या दांड्यानं हाणलं असतं तुमाला!"

"हाणलंच असतं," उत्तरेश्वर आनंदानं म्हणाला. "आठ महिने झाले, कुणी हाणायलाच न्हाई."

रतनबाईनं पदरानं डोळे पुसले. पदर गाजरगवतानं माखलेला. डोळे झोंबले आणि तिला लागोपाठ नऊ शिंका आल्या. बाकीच्यांनी मोजल्या.

"बुडखा हाय अजून," जानकीबाई म्हणाली. "फुटंल परत."

"माझं काम झालं," संस्कृती म्हणाली.

"मग काढा," उत्तरेश्वर म्हणाला. "मंजुळानं ठेवला नसता."

त्यानं कासरा आणून बुडख्याला गाठ मारली. आठ बाया, संस्कृती, उत्तरेश्वर, आणि गंमत बघायला आलेला बंकट सगळ्यांच्या मागं. "वढाऽऽ!" पहिल्यांदा काही हललं नाही. दुसऱ्यांदा कासरा कुरकुरला. तिसऱ्यांदा मूळ एकदम सुटलं आणि सगळी रांग मागं कोसळली.

"उठा की बे, मेलो!" खालून बंकट ओरडत होता. पण वरच्यांना हसू आवरेना, म्हणून कुणीच उठेना.