मुमताजच्या नावाची हरकत

मी एक हरकत बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण नगरपालिकेतल्या सुनावणीच्या खोलीत साहेब बसले आहेत आणि त्यांच्या संगणकावर मीच उघडलेली आहे. जीव मुठीत धरून बसले आहे म्हणा ना.

माझा जन्म धुळ्याजवळच्या एका छोट्या शहरात, मुमताजच्या मोबाइलवर झाला. मुमताज आणि तिचा नवरा गनी गाद्या भरतात. गल्लीसमोरच्या मैदानात ते कापूस पिंजतात, उन्हात पसरतात. त्याच मैदानावर वाहनतळ करायचा ठराव नगरपालिकेच्या सभेपुढे येणार होता. कोणाची हरकत असेल तर त्याने ऑनलाइन कळवावी, अशी सूचना निघाली. मैदान गेलं तर गाद्या भरायच्या कुठे, स्वयंपाकघरात?

मुमताजने मला भराभर लिहिलं. शेवटी नाव आणि घर नंबर आला, तिथे तिचा अंगठा अडला.

"नाव नको टाकू," गनी म्हणाला. "उद्या पालिकेची माणसं ओटा मोजायला टेप घेऊन दारात येतील."

त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या गल्लीत गटारीवर पुढे न आलेला ओटा शोधून सापडायचा नाही. पण नावाशिवाय मी पुढे सरकेचना. मुमताजने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

मग तिने मला गल्लीच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, 'सगळ्यांनी असंच पाठवा.'

माणसांची सवय तुम्हाला माहीत आहेच. आलं की पुढे ढकलायचं. सगळ्यांनी मला पालिकेला अगदी असंच पाठवलं, मुमताजच्या नावासकट, तिच्या घर नंबरासकट. शेजारच्या बेबाबाईंनी पाठवलं, ज्यांच्या दुकानातून कापूस येतो त्या घेवरचंदशेठनीही पाठवलं. एकामागून एक मीच येऊन माझ्या शेजारी उभी राहू लागले. आधी सोबत मिळाली म्हणून बरं वाटलं. मग प्रत्येकीच्या तळाशी तेच नाव दिसलं आणि मला घाम फुटला.

ग्रुपवर सगळ्यांनी टाकलेल्या पावत्यांवर आपलंच नाव पाहून मुमताज बेबाबाईंकडे गेली. "अक्का, नाव तरी बदलायचं."

"माले वाटनं, तुनंच नाव ठेवाले सांगेल शे," बेबाबाई म्हणाल्या. मग मान खाली घालून हळूच म्हणाल्या, "आनि मना ओटा बी पुढे शे ना, माय."

चूक कुठे संपली आणि भीती कुठे सुरू झाली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

आज सुनावणीला मुमताज एकटीच आली. खरंच कोणी टेप घेऊन आलं तर घरी माणूस हवा, म्हणून गनी मागे थांबला.

साहेबांनी विचारलं, "बाई, एवढ्या हरकती तुम्ही एकटीनेच केल्या?"

ती 'हो' म्हणाली तर बाकीच्या पुसल्या जाणार आणि मी एकटी उरणार. एकटीला कोण विचारतं? 'नाही' म्हणाली तर साहेब कोणाकोणाला धरतील, कुणास ठाऊक.

"नाही साहेब," ती म्हणाली. "पाठवणारी माणसं वेगळी आहेत. नाव तेवढं माझं आहे."

"मग त्यांची नावं सांगा. मी लिहून घेतो."

मुमताजने नकारार्थी मान हलवली. साहेब तसे वाईट नाहीत. म्हणाले, "सभा संध्याकाळी आहे. ज्यांनी पाठवल्या त्यांनी तोवर स्वतः येऊन सांगावं. नाही तर मला ही एकच हरकत धरावी लागेल."

आता ती बाहेरच्या बाकावर बसली आहे. दारात चपला वाजल्या की मान वर करते आणि पुन्हा खाली घालते. मला फार भीती वाटते आहे. मी एकटी उरण्याची वाटतेच, पण संध्याकाळपर्यंत त्या बाकावर ती एकटीच राहिली तर काय, याची जास्त वाटते.

गल्लीतल्या माणसांनो, घाबरत का होईना, पण या. कोणी कोणी मला पाठवलं, ते मुमताजला ठाऊक आहे. तुमची सगळ्यांची नावं तिला पाठ आहेत. साहेबांनी विचारलं, तरी तिने एकही सांगितलं नाही.