दोन दरडींच्या मध्ये

कशेडी घाटात पुढे दरड कोसळली आणि ड्रायव्हर एसटी मागे वळवतोय तोवर मागेही कोसळली. खेडहून महाडला परतणारी दर्शना सकाळपासून एकतीस जणांसोबत मध्येच अडकली होती. पाऊस हटेना, खिडक्या उघडता येईनात.

दुपारी तीनला मंगेशचा फोन लागला. तो महाडच्या मदत केंद्रात बसायचा. तिथे येणारे निरोप नोंदवायचा प्रोग्राम दर्शनानेच लिहिला होता.

"ताई, यादीच उघडत नाय! पोलादपूर निवडलं की नुसतं चाक फिरतंय."

सहा पावसाळ्यांचे नऊ लाख निरोप एकाच तक्त्यात होते. ताजे वीस दाखवायचे तरी कॉम्प्युटर दर वेळी सगळे चाळून, पोलादपूरचे निवडून, वेळेप्रमाणे लावत बसायचा. इंडेक्स, म्हणजे निरोप क्रमाने लावून ठेवणारी सूची, करायचं दर्शना उन्हाळ्यापासून पुढे ढकलत आली होती.

"लिहून घे. इंडेक्समध्ये आधी तालुका, मग वेळ. हाच क्रम ठेव. मग निरोप आधीच लावलेले असतील, वरचे वीस फक्त उचलायचे."

एकेक अक्षर सांगताना रेंज दोनदा गेली. बॅटरी चार टक्क्यांवर आली.

"उघडली! लगेच उघडली!" मंगेश ओरडला. मग त्याचा आवाज उतरला. "ताई, तुमच्या बसचा निरोप सकाळचा हाय. कुणी बघितलाच नाय. पण आत्ताच वरच्या वाडीतनं आलाय, बाळंतीण अडलीय, रस्त्यावर दगड. जेसीबी एकच मोकळा हाय. कुठं धाडू?"

शेजारच्या सीटवरच्या भागूबाई टक लावून बघत होत्या. मागे कुणाचं तरी लेकरू रडत होतं. दर्शनाला नुसतं 'इकडे' म्हणायचं होतं.

"वाडीला धाड," ती म्हणाली, आणि फोन बंद पडला.

तिने सगळ्यांना उभं राहून सांगितलं. "तुला कुणी विचारलं होतं?" मागच्या सीटवरचा माणूस कडाडला.

"बस गो पोरी," भागूबाई सरकून म्हणाल्या. "माझी थोरली लेक बाळंतपणात अशीच वाटेत गेली."

रस्ता दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोकळा झाला. बाळंतीण सुखरूप सुटल्याचं दर्शनाला पोलादपूरच्या स्टँडवर कळलं. मागच्या सीटवरचा माणूस तिच्याकडे न बघताच उतरून गेला.