घरातल्या ऑफिसची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, चाकांची खुर्ची आहे. माझा जन्म वसईच्या एका कारखान्यात झाला. अंधेरीच्या एका इंटरनेट कंपनीने मला विकत घेतलं, तेव्हा मी भलतीच मिजाशीत होते. थोड्याच दिवसांत ती कंपनी बुडाली. थकलेल्या पगाराच्या बदल्यात कौस्तुभने मला उचललं आणि टेम्पोत घालून मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या आपल्या घरी आणलं.

कौस्तुभ वेबसाइटची पानं आखायचा. कुठलं बटण कुठे असावं, कुठला रंग शोभेल, हे तो ठरवायचा. तेच काम आता तो घरी बसून अमेरिकेतल्या लोकांसाठी करू लागला. त्याचे वडील, हरिश्चंद्रकाका, जन्मभर बँकेत नोकरी केलेले. "डबा नाही, पास नाही, ही कसली नोकरी?" ते म्हणायचे. म्हणून कौस्तुभ रोज इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यावर बसायचा. मला हसू यायचं, पण आपणच याचं ऑफिस आहोत याचा अभिमानही वाटायचा.

तेव्हा कामं त्याला शोधत यायची. माझ्या पाठीला आरामात रेलून तो आपला भाव सांगायचा. घरात फ्रिज आला, हॉलला रंग लागला आणि काकांचं मतही बदललं. आल्यागेल्याला ते दटावू लागले, "हळू बोला, कौस्तुभ ऑफिसात आहे."

मग त्याच कामांसाठी इंटरनेटवर जगभरातून बोली लागू लागली. शंभर डॉलरचं काम कुणी चाळीसला मागायचं, कुणी पंधराला. कौस्तुभ माझ्या अगदी टोकावर बसून, पुढे वाकून आपला भाव उतरवत राहिला. २००८च्या मंदीत तेही संपलं. दिवाळीच्या सुमारास शेवटच्या गिऱ्हाइकाने दोन ओळींची मेल पाठवून काम थांबवलं.

त्याने घरी सांगितलंच नाही. रोज तोच शर्ट, तीच मी आणि पडद्यावर उगाच फिरणारा बाण. नोकरी गेलेला माणूस निदान घराबाहेर पडून बागेत जाऊन बसतो. याला तीही सोय नव्हती. मला त्याची फार कीव यायची.

एके दुपारी काका शेजारच्या नीलमला घेऊन आले. ती केबिन रोडवरच्या एका दुकानात हिशेब लिहायची.

"दादा, मला पण शिकव ना हे. दुकान सोडायचा विचार करतेय," ती म्हणाली. "पण याला डिमांड आहे ना?"

"अगं, विचारतेस काय? मान वर करायला फुरसत नाही त्याला!" काका कौतुकाने म्हणाले.

कौस्तुभने माझे हात घट्ट धरले. सांगून टाक रे, असं मला ओरडावंसं वाटलं.

"आहे," तो म्हणाला. "डिमांड आहे."

नीलमने नोकरी सोडली. माझ्याशेजारी स्टूल टाकून ती मन लावून शिकली. काही महिन्यांनी तिने विचारलं, "दादा, तुझ्याकडचं एखादं छोटं काम देशील? फुकट करेन मी."

तेव्हा मात्र तो उठला आणि बाहेर काकांसमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, काम नाहीये. दिवाळीपासून नाहीये."

"मग तू रोज करत काय होतास?"

"बसत होतो, बाबा."

नीलम दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आली. तिथे तिच्या जागी दुसरी मुलगी लागली होती.

मित्रांनो, माझं रेक्झिन फाटलंय, एक चाक निखळलंय. ते राहू द्या. पण तुमच्या घरात कुणी असं पाठमोरं बसलेलं असेल, तर कौतुक करण्याआधी जवळ जाऊन विचारा, "काम आहे ना रे?" आणि तो "नाही" म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका.