बिनदाराची खोली

बायको वर्षभर व्हरांड्यात झोपत होती. घराच्या भिंतींना बुरशी लागलेली, आणि बुरशी मारायच्या औषधानं तर तिचा श्वासच कोंडायचा. रंग, सरस, अत्तर, काही म्हणता काही चालत नसे. घसा असा बसला होता की हाक मारायची सोडून ती टाळी वाजवायची. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे मी. पाण्यानंतर माझा नंबर, हे मी तिला अनेकदा ऐकवलं.

शेवटी घराला तिच्यापुरती एक खोली जोडायची ठरली. काम तिच्या धाकट्या भावानं अंगावर घेतलं. तो सुतार. ती त्याला लहानपणापासून ठोंब्या म्हणते, आणि माझी त्याला कधीच हरकत नव्हती. पण या कामात त्यानं जीव ओतला. प्रत्येक मालाचा तुकडा काचेच्या बरणीत बंद करून उन्हात ठेवायचा, मग ताईनं झाकण उघडून हुंगायचं. तिनं नाक मुरडलं की माल बाद. चुन्याचा गिलावा पास झाला, दगडी फरशी पास झाली, जुनं सागवानही पास झालं. गिलावा खडखडीत वाळेपर्यंत आम्ही तिला तिकडे फिरकू दिलं नाही.

ती उशी घेऊन आली, उंबऱ्याशी थांबली आणि खोकत मागे सरली. डोळ्यांत पाणी आलं. ते खोकल्याचं नव्हतं.

"दाराला काय फासलंस?" मी मेहुण्यावर ओरडलो.

"एकच हात पॉलिश," तो पुटपुटला. "सख्ख्या बहिणीला कोरं दार कसं द्यायचं, भाऊजी? लोक म्हणतील, उरकून टाकलं."

माझं डोकंच फिरलं. पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की पुढचं मी गिळलं. आम्ही दार काढून अंगणाच्या पार टोकाला नेलं आणि रिकाम्या चौकटीत तिची धुऊन धुऊन विरलेली चादर टांगली. खोलीनं काही दिवस वारा खाल्ला, मग ती आत झोपायला गेली.

तो रोज दार खरवडत बसायचा, कान टाळीकडे. मीही शेजारी बसायचो. त्याला बोल लावायला कुणीतरी हवं ना!

एका सकाळी टाळी आलीच नाही. ऊन चांगलं वर आलं. आम्ही दोघं हातातलं टाकून उभे राहिलो. जाऊन बघायचीही भीती वाटत होती.

"ठोंब्या!" चादरीमागून खणखणीत हाक आली. "झालं का रे माझं दार?"

तो ओ द्यायला गेला, पण आवाज फुटेना. मी तोंड उघडलं, तर माझीही तीच गत.

शेवटी मी दोन टाळ्या वाजवल्या.