दस्तीखालचे हात

मित्रांनो, मी दस्ती. दस्ती म्हणजे खांद्यावर टाकायचा मोठा रुमाल. तुमच्याकडे मला कोणी पंचा म्हणेल, कोणी उपरणं म्हणेल. आमच्या जालन्याकडे मी दस्तीच. आता पार विरून गेले आहे. मला उजेडासमोर धरलंत तर पलीकडचा माणूस दिसेल. पण एके काळी माझ्यातून काहीही दिसत नसे आणि त्या न दिसण्यातच माझी सगळी किंमत होती.

मला जालन्यातल्या एका हातमागावर विणलं. जाड सूत, निळ्या चौकटी, लाल काठ. विणणारा म्हातारा कमालीचा तापट होता, पण त्याचा हात घट्ट बसायचा. टेंभुर्णीचा बदरोद्दीन मला विकत घ्यायला आला तेव्हा त्यानं माझा रंग पाहिला नाही, काठ पाहिला नाही. मला उलगडून थेट उन्हात धरलं आणि डोळा लावून बघत बसला. दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक भारी चिकट दिसतं. त्याला काय ठाऊक, बदरोद्दीन गुरांच्या बाजारातला दलाल होता आणि मला आयुष्यभर झाकण्याचं काम करायचं होतं!

ते काम कसं, ते सांगते. टेंभुर्णीच्या बाजारात बैल विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत. बदरोद्दीन त्यांच्या उजव्या हातांवर मला पसरायचा. मग तोंडं गप्प होत आणि बोटं बोलू लागत. जितकी बोटं धरली तितका भाव. पटलं नाही तर हात झटकायचा, पटलं तर मूठ दाबायची. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त मी हलताना दिसे, आत मांजरीची पिल्लं खेळत असावीत तशी.

लोक म्हणत, एकाचा भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून ही रीत. ते खरंच आहे. पण इतकी वर्षं हातांवर पसरून मला जे उमगलं ते आणखी वेगळं. अडलेला माणूस पडत्या भावात जनावर देतो, तेव्हा तो किती पडला हे गावाला कळू नये, यासाठीही मी होते. बाजार उठल्यावर तो मान ताठ ठेवून घरी जाई. ती मान माझ्यामुळे ताठ राही, याचा मला गर्व होता. अजूनही आहे, का नसावा?

आणखी एक गंमत सांगते. जे हात उघड्यावर एकमेकांच्या तांब्याला शिवत नसत, ते माझ्याखाली एकमेकांची बोटं धरून खुशाल बसून राहत. पाटलाचा हात, मांगवाड्यातला हात, खाटकाचा, मारवाड्याचा, सगळे. तेव्हा कोणाची जात आडवी येत नसे. मैमूना, म्हणजे बदरोद्दीनची बायको, मला धुताना कुरकुरायची, "ह्या एका दस्तीत आख्खा बाजार भरून राह्यलाय!"

आख्खा बाजार, पण एक हात सोडून. बाईचा हात माझ्याखाली कधी आला नव्हता. बाया मिरच्या विकत, कोंबड्या विकत, घासाघीस करून भल्याभल्यांना घाम फोडत. पण बैलाचा सौदा म्हटला की घरातला पुरुष पुढे व्हायचा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाजारात माणसांपेक्षा गुरं जास्त झाली आणि घेणारा शोधून सापडेना. विकणाऱ्यांची बोटं माझ्याखाली यायची तीच सैल पडून. झटकायचं बळ कोणाच्याच हातात उरलं नव्हतं.

अशा एका बाजारी शिवकन्या आली. जवळच्याच एका खेड्यातल्या भीमनगरची. नवरा वसंता वर्षापूर्वी तापानं गेलेला. ओढ्याकाठी जमिनीचा एक तुकडा आणि हौश्या नावाचा एक बैल, एवढंच तिचं होतं. गावातल्या दुसऱ्याच्या एका बैलाशी हौश्याची जोडी जमवून ती रान पेरायची. आता कडबा संपला होता. ती दुष्काळी कामावर खडी फोडत होती, पण बैल काही खडी खात नाही. हौश्याच्या फासळ्या लांबून दिसत होत्या. आणखी आठ दिवस गेले असते तर तो बाजारापर्यंत चालत आला नसता.

तिच्याबरोबर तिचा चुलत दीर धर्मराज होता. बैल विकायचा सल्ला त्याचाच. पण बदरोद्दीनच्या खांद्यावरून मला सगळं ऐकू येई. धर्मराज सोबत्याला म्हणाला, "बैल गेला की रान कोण कसणार? मंग आपोआप माझ्याकडंच येतं का न्हाई बघ."

घेणारा होता लांबच्या धावडा गावचा तातेराव. डोंगराच्या कुशीत त्याच्या विहिरीला अजून पाणी होतं. म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा. त्यानं हौश्याच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले आणि येऊन बसला. बदरोद्दीननं मला पसरलं. धर्मराजानं बाही सारून हात पुढे केला.

"भावजी, हात मागं घ्या," शिवकन्या म्हणाली. "बैल माझा हाये. हात मी घालते."

भोवतालचे लोक हसले. धर्मराजाचा चेहरा लाल झाला. "वहिनी, येडी झाली का? बाई माणसानं कधी दस्तीखाली हात घातला का?"

तातेरावानं तर विस्तव लागल्यासारखा हात ओढून घेतला. "बदरूभाई, हे जमायचं न्हाई. परक्या बाईचा हात धरायचा म्हणजे ह्या वयात मला शोभत न्हाई." तो कशानं कचरला, बाई म्हणून की भीमनगरची बाई म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. हात माझ्याखाली नव्हता आणि तोंडावर माझा विश्वास नाही.

"मंग तोंडानं सांगा भाव," शिवकन्या म्हणाली.

बदरोद्दीननं मान हलवली. "बाई, तुझा भाव तोंडानं बोललो तर आज इथं बसलेल्या समद्यांचा उघडा पडतो. बघ त्यांच्याकडं."

तिनं पाहिलं. रांगेत बसलेली माणसं जमिनीकडे बघत होती. पण ती जागची हलली नाही. तातेराव उठायला लागला. तो उठला असता तर सौदा संपला होता, आणि दुसरं गिऱ्हाईक त्या बाजारात नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून लालमियाँ आला. हा बांगडीवाला. दुष्काळात बांगड्या कोण भरणार? बिचारा सकाळपासून माश्या हाकत बसला होता. त्यानं शिवकन्येला लहानपणी पहिल्या बांगड्या भरल्या होत्या, लग्नातला हिरवा चुडाही त्यानंच भरला होता. वसंता गेल्यापासून मात्र ती त्याच्या दुकानाकडे फिरकली नव्हती.

"बदरू, जरा सरक," तो म्हणाला आणि मांडी घालून मधोमध बसला. "ह्या मुलखाच्या लेकी-सुना माझ्या हातात हात देऊन राह्यल्या, चाळीस साल झाले. त्यांच्या सासऱ्यांसमोर देतात. कोणाला लाज वाटली न्हाई, मंग आजच का वाटावी? तातेराव, तुमचा हात माझ्या डाव्या हातात द्या. बेटी, तुझा उजव्या हातात दे. तुमचं तिला सांगतो, तिचं तुम्हाला."

तातेराव पुन्हा बसला. बदरोद्दीननं मला तिघांच्या हातांवर पसरलं. मी जरा अपुरीच पडले.

शिवकन्येचा हात हातात येताच लालमियाँनं सवयीनं तिच्या बोटांची मुळं दाबली, बांगडी चढवण्याआधी दाबतात तशी. आणि थांबला. तो हात खडी फोडून सोलवटला होता, तळव्याला भेगा होत्या. लालमियाँचा अंगठा त्या भेगांवर थोडा वेळ तसाच राहिला. कापडाला रडता येत असतं तर मी त्या दिवशी चिंब झाले असते.

मग सौदा सुरू झाला. तातेरावानं बोटं धरली, ती उजवीकडे पोचली. शिवकन्येनं हात झटकला. त्या महिन्यात मला बसलेला तो पहिला झटका! तातेरावानं आणखी एक बोट वाढवलं. तिनं पुन्हा झटकला. म्हातारा मिशीत हसला आणि आणखी एक वाढवून मूठ दाबली. भाव चांगला होता, त्या दिवसात तर फारच चांगला. आता तिनं मूठ दाबायची आणि सौदा पुरा.

तिनं मूठ दाबली नाही. लालमियाँनं धरलेल्या बोटांमधलं एक बोट तिनं मिटून घेतलं.

"बेटी, उलटं करून राह्यली तू," लालमियाँ गडबडला. "नुकसान हाये तुझं."

"बराबर करून राह्यले, चाचा." तिनं हात बाहेर काढला आणि उभी राहिली. "आबा, एक बोट मी सोडलं. त्याच्या बदल्यात, पुढच्या साली पाऊस झाला की पेरणीला हौश्या माझ्या रानात आला पायजे. पेरणी झाली की घेऊन जा. भाव झाकलेला राहू द्या, पण हे समद्यांनी ऐका."

धर्मराजाचं तोंड पाहण्यासारखं झालं. तातेरावानं मान वळवून हौश्याकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाला, "आणीन."

आमच्याकडे बैल विकला तरी त्याचं दावं देत नाहीत. शिवकन्येनं हौश्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि मागं न बघता गेली. "धावड्याहून कोण आणून देतंय!" धर्मराज सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. माझ्याखाली दाबलेल्या मुठी मी पाहिल्या होत्या, पण बाहेर दिलेले शब्द टिकताना फारसे पाहिले नव्हते.

पुढच्या साली पेरण्या सुरू झाल्या. धर्मराजानं आपली पेरायची तिफण शिवकन्येच्या बांधाला आणून ठेवल्याची बातमी बाजारात आली. आणि त्याच बाजारी भरदुपारी तातेराव हौश्याला घेऊन, धुळीनं माखलेला, बदरोद्दीनसमोर येऊन उभा राहिला.

"बाईचं गाव कोणतं, ते इचारायचंच राह्यलं गड्या," तो म्हणाला. "तुझी दस्ती तेवढी ध्यानात होती, म्हणून इथं आल्तो."

बदरोद्दीननं त्याच्या तोंडावरची धूळ माझ्याच पदरानं पुसली. एरवी मला असलं काम सांगितलेलं खपत नाही. त्या दिवशी खपलं. शिवकन्येचं रान पेरून झालं आणि धर्मराज आपली तिफण मुकाट्यानं घेऊन गेला. त्याच्या पुढच्या सालीही तातेराव न बोलावता आला.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. जालन्याकडे मोठ्या बाजारात भाव पुकारून करतात म्हणे. बदरोद्दीनला दिसत नाही. मैमूना मला पिठाच्या परातीवर झाकते, म्हणजे झाकण्याचंच काम अजून सुटलेलं नाही. तुमच्या घरी अशी विरलेली दस्ती असेल तर सायकल पुसायला घेण्याआधी तिनं कोणाकोणाचं काय झाकलं असेल, याचा थोडा विचार करा. आणि कोणी अडून काही विकायला बसला असेल तर त्याला चारचौघांत भाव विचारू नका. माझ्यासारख्या जुन्या कापडाचं एवढंच मागणं आहे.

माझा शेवटचा सौदा सांगायचा राहिला. तातेरावाच्या घरचे गोऱ्हे कामाला आले, तेव्हा त्यानं हौश्याला विकायला आणलं. घेणारे चौघे-पाच जण होते. त्यांच्या मागून शिवकन्या आली. दोन सुगी चांगल्या गेल्या होत्या. तिच्या खांद्यावर तेच जुनं दावं होतं.

बदरोद्दीननं सवयीनं लालमियाँला हाक मारली. तातेराव म्हणाला, "राहू दे त्याला. ये बाई, बैस." आणि त्यानं आपला हात माझ्याखाली घालून उघडा ठेवला.

शिवकन्येनं हात दिला. या वेळी कोणी हसलं नाही. तिनं भाव धरला, पुरेपूर, एक बोटही कमी न करता. तातेरावानं तिची बोटं चाचपली, त्यातलं एक हलकेच मिटवलं आणि मूठ दाबली.